तक्त्यातल्या आठव्या ओळीतली मुलगी

‘मुलगी अकरावी सायन्सला आहे, राज्यस्तरापर्यंत पोहली आहे. वैयक्तिक ट्रायथलॉनमध्ये तिचा निभाव लागणार नाही. म्हणून मिश्र रिलेत दुसऱ्या टप्प्याला उतरवून तिची गाठ कमजोर मुलींशी घालायचं ठरवलंय. तक्ता जोडला आहे. खेळाडू कोट्याचा फायदा होईल का? पुढं कोणती शाखा घ्यावी?’
– एक वडील, सांगली

तुमचा तक्ता दोनदा वाचला. चौदा मुली, प्रत्येकीच्या वेळा, शेवटी ‘कच्ची बाजू’ असा रकाना. तेरा जणींसमोर त्यात आकडे आहेत. आठव्या ओळीत तुमची लेक, आणि तिच्यासमोर लिहिलंय: ‘धावणं. हरली की रडते.’

बाकीच्याही रडत असतील हो. पण त्या तुम्हाला घड्याळातच दिसतात. ही मात्र शर्यत संपल्यावर तुमच्या स्कूटरवर मागं बसते. तिथलं पाहिलेलं तुम्ही स्पर्धेच्या कागदावर मांडलंत आणि माझ्यासारख्या तिऱ्हाइताला धाडलंत. हा कागद तिनं पाहिलाय का? पत्रात तिचं स्वतःचं म्हणणं असं एकही वाक्य मला सापडलं नाही. मार्कांची मला काळजी नाही, याची आहे.

आता तुमच्या डावाबद्दल. टप्पा निवडला की प्रतिस्पर्धीही निवडला, हा समज चुकीचा आहे. या रिलेत दोन मुलगे, दोन मुली अशा चौघांपैकी प्रत्येकाला पोहणं, सायकल आणि धावणं तिन्ही करावं लागतं, मग पुढच्याचा टप्पा सुरू होतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये एकेकाच्या वाट्याला ३०० मीटर, ६.८ किलोमीटर आणि २ किलोमीटर होते. दुसऱ्या टप्प्यावर तुमच्या मुलीच्या शेजारी कोण असेल, हे पहिला खेळाडू किती सेकंदांनी पुढंमागं आला त्यावर ठरतं. तो मागं पडला तर कमजोर मुलगी पुढच्या घोळक्यात इतरांच्या आडोशानं सायकल मारेल आणि तुमची मुलगी एकटी वारा कापत राहील. म्हणून पहिल्या टप्प्याला चांगला पोहणारा हवा आणि शेवटी धावण्यात शेवटच्या दोनशे मीटरला जोर लावणारा. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये नेमकं हेच दिसलं. वैयक्तिक शर्यतीत ब्रिटन आणि फ्रान्सला सुवर्ण, जर्मनीला एकही पदक नाही. पण रिलेत शेवटच्या टप्प्यावर जर्मनीची लॉरा लिंडेमन, ब्रिटनची बेथ पॉटर आणि अमेरिकेची टेलर निब जवळजवळ एकत्र आल्या, लिंडेमननं स्प्रिंट मारली आणि सुवर्ण जर्मनीला गेलं. रौप्य अमेरिकेचं की ब्रिटनचं, हे फोटो बघून ठरवावं लागलं. म्हणजे तुमच्या डावानुसार ज्या धावण्यापासून मुलीला लपवायचंय, तेच शेवटी अंगावर येतं. रिले ही लपायची जागा नाही.

कोट्याचं म्हणाल तर शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते ठरलेल्या दर्जाच्या स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळतं आणि प्रमाणपत्रांची पडताळणी होते. खेळाजवळच राहायचं असेल तर फिजिओथेरपी आहे (नीट द्यावी लागेल), क्रीडाविज्ञान आहे, बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) आहे. शाखा आज ठरवायची गरज नाही, सायन्स आहेच.

खरं सांगू? या पत्रात करिअर दिसतंय ते तुमचं. चौदा मुलींच्या वेळा वर्षभर टिपणं, कोणाची सायकल कुठं ढेपाळते हे हेरणं फारच थोड्यांना जमतं. क्लबांना असा माणूस हवाच असतो. प्रशिक्षकाचा प्राथमिक अभ्यासक्रम करा, जिल्हा संघटनेत विचारा, दुसऱ्यांच्या मुलांवर हात बसवा. सकाळी पाचला टँकवर तुम्ही उभे असताच.

मुलीला दोन महिने नुसतं पोहू द्या, स्टॉपवॉच घरी ठेवून. मग तिला विचारा, धावायचंय का. नाही म्हणाली तर तक्त्यातून आठवी ओळ काढून टाका. हो म्हणाली तर निदान ते शेवटचे तीन शब्द खोडा.