बेळगावहून दोन दिवसांत समुद्र आणि किल्ला दोन्ही बघायचे तर कुठे जावं?

वयस्कर आई-वडील आणि दोन लहान मुलं सोबत आहेत, गोव्याची गर्दी नको, आणि मुलांना पुस्तकाबाहेरचा किल्ला दाखवायचाय, असं तुम्ही लिहिलंय. मी डोळे झाकून शिरोडा-रेडी सांगेन, वेंगुर्ला तालुक्यातली किनाऱ्यावरची शेजारची गावं. मालवणचा सिंधुदुर्ग थोरच आहे, पण तिथे होडीतून चढणं-उतरणं आलं, रांग आली, पावसाळ्यात होड्याही बंद. रेडीच्या यशवंतगडावर आजीसुद्धा सावकाश पोचते.

रस्ता आपलाच, वेंगुर्ला रोड. हिंडलगा, तुरमुरी, बाची, शिनोळी, मग चंदगड तालुक्यातून आंबोली आणि खाली सावंतवाडी. वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावच्या छावणीपर्यंत माल यावा म्हणून इंग्रजांनी हा घाट बांधून काढला. शिरोड्याला पोचायला साडेतीन तास धरा. पावसाळ्यात मात्र नको. घाटात धुकं असतं आणि समुद्रही खवळलेला असतो. दिवाळीनंतर होळीपर्यंत कधीही जा.

आता महत्त्वाचं. निघायची तारीख ठरवताना सुट्टीबरोबर तिथीही बघा. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. एकादशी असेल तर सव्वाआठ. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला पुरतो. पाणी चढत असताना मुलांना गुडघाभर पाण्यात खेळू द्या, तेही तुम्ही समुद्राच्या बाजूला उभं राहून. ओहोटी लागली की पाणी पायाखालची वाळू घेऊन आत ओढतं, तेव्हा सगळ्यांनी बाहेर. अमावास्या-पौर्णिमेला ही ओढ जास्त असते. शिरोड्याच्या समुद्रात आपल्या बेळगावकडची माणसं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचल्यात, म्हणून इतकं लिहितोय. तिथले मच्छीमार नको म्हणाले तर नकोच.

म्हणजे एकादशीच्या आसपास गेलात तर सकाळी सात ते आठ शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर, मग नाश्ता, आणि ओहोटीच्या वेळात यशवंतगड. उन्हाची काळजी नको, गडावर झाडांची सावली दाट आहे. किनाऱ्यावर रापण, म्हणजे वाळूवरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर मात्र गडाला उशीर झाला तरी चालेल, थांबा. जाळ्याच्या दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा असतात, मागे सरकत सरकत दोर ओढतात आणि दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ येतात. मासळी वाळूवर आली की मुलं तिथून हलत नाहीत.

यशवंतगड मूळ आदिलशाहीतला. 1662 मध्ये शिवाजी महाराजांनी तो घेऊन दुरुस्त केला. पुढे सावंतवाडीकर, पोर्तुगीज आणि शेवटी 1819 मध्ये इंग्रज. बांधकाम सगळं जांभ्याचं. छप्परं केव्हाच गेली, भिंती मात्र उंच उभ्या आहेत, आणि त्यांच्यावरून झाडांची मुळं खाली उतरलीत. मुलांना एक भिंत जवळून दाखवा. झाडाचं मूळ दगड फोडत नाही, दोन चिऱ्यांमधला, म्हणजे घडवलेल्या दगडांमधला, सांधा शोधत जातं आणि तिथे जाड होत राहतं. काही ठिकाणी आता भिंतीने झाड धरलंय की झाडाने भिंत, हे कळत नाही. म्हणूनच कुणालाही मुळांना लोंबकळू देऊ नका, फोटोसाठी तटावर चढवू नका. एक चिरा निसटला की वरची अख्खी ओळ सैल होते. आई-वडिलांना दरवाजाच्या आत सावलीत बसवा, मुलांना बाहेरचा खंदक दाखवून आणा.

रेडीतच द्विभुज गणपती आहे. लोहखनिजाच्या खाणीत 1976 मध्ये ही मूर्ती सापडली. आईंना आवडेल. शिरोड्याची मिठागरं रस्त्यावरूनच दिसतात. मे 1930 मध्ये तिथे मिठाचा सत्याग्रह झाला, हे मुलांना गाडीतच सांगा.

वेळ उरला तर तेरेखोल. किल्ला लहान, पण जागा विलक्षण: नदीच्या अलीकडे, महाराष्ट्राला चिकटून, आणि तरी गोव्यात. आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांना हे समजावून सांगायला नको. 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रहींनी पोर्तुगिजांच्या या किल्ल्यावर तिरंगा लावला होता. आत सेंट अँथनीचं छोटं चर्च आहे. किल्ल्याचं बरीच वर्षं हॉटेल होतं, त्यामुळे आत सोडतात का ते आधी विचारून घ्या.

राहायला शिरोड्यात घरगुती सोय बघा. जेवणाचं सकाळीच सांगून ठेवावं लागतं. आई-वडील शाकाहारी असतील तर तेही तेव्हाच सांगा, उसळ-भात-सोलकढी मिळते. परतताना सावंतवाडी चारच्या आत सोडा, म्हणजे आंबोलीचा घाट उजेडात चढून होईल.