लंडनचे पाणी आणि घरची बिअर

प्रश्न : मी लंडनला राहतो. नळाचेच पाणी वापरून घरी केलेली पोर्टर ही काळी बिअर छान जमते. फिकट बिअर मात्र तुरट लागते आणि तिला दवाखान्यासारखा वास येतो. असे का?

उत्तर : वासाचे मूळ बहुधा पाण्यातील क्लोरीन वा क्लोरामाइन या जंतुनाशकांमध्ये असावे, माल्टमधील (मोड आणून वाळवलेल्या जवातील) फिनॉल या द्रव्यांशी त्यांचा संयोग झाला की अगदी अल्प प्रमाणातही असा औषधी वास येतो. उकळल्याने क्लोरीन उडून जाते, पण क्लोरामाइन चिवट असते, म्हणून 25 लिटर पाण्यात कॅम्पडेनची (सल्फाइटची, क्लोरीन-क्लोरामाइन निष्प्रभ करणारी) अर्धी गोळी चुरून विरघळवावी.

तुरटपणाचे कारण अधिक खोल आहे. लंडनचे बरेचसे पाणी खडूच्या थरांतून येत असल्याने त्यात आम्लता मारणारे बायकार्बोनेट भरपूर असते. भाजलेल्या काळ्या माल्टची आम्लता त्याला पुरून उरते, फिकट माल्टची उरत नाही, मग मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचा) पीएच 5.6 च्या वर राहतो, म्हणजे आम्लता कमी पडते, आणि धान्याच्या सालींतील टॅनिन हे तुरट द्रव्य बिअरमध्ये उतरते. पाणी आदल्या रात्री 15 मिनिटे उकळून झाकून ठेवा. सकाळी किटलीत धरतो तसा पांढरा साका तळाशी दिसेल, ते खडू होऊन खाली बसलेले बायकार्बोनेट. तो न ढवळता वरचे निवळ पाणी घ्या आणि त्यात चमचाभर जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) घाला. इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावाच्या फिकट एल बिअरला नावलौकिक मिळाला तो तिथल्या पाण्यातील याच जिप्सममुळे.