एक्सपान्डर बसवल्यावर बोलणं बिघडलंय, काढून टाकू का?

मुलगी ९ वर्षांची, दुभंगलेल्या टाळूचं ऑपरेशन लहानपणीच झालंय, आणि एक्सपान्डर (वरचा जबडा रुंद करणारी तार) बसवून दहा दिवस झाले तर 'स' आणि 'च' चिकट ऐकू येतात, असं तुम्ही लिहिलंय. ताई, घाईने काढू नका हो. माझ्या मुलालाही बोन ग्राफ्टच्या (हिरडीच्या फटीत हाड भरायच्या ऑपरेशनच्या) आधी वरचा जबडा रुंद करायला क्वाड हेलिक्स, म्हणजे तारेचाच एक एक्सपान्डर, बसवलेली, पहिला आठवडा नुसती लाळ, आणि 'साखर'ची 'थाखर'. आपल्या मराठीत 'चाक'चा च वेगळा न् 'चिमणी'चा वेगळा, पण दोघांची जागा तारेच्या आसपासच, त्यामुळे दोन्ही गेले. स्पीच थेरपीत वर्षभर घासून बसवलेले आवाज असे गेले की रडूच येतं. पण जिभेला नवी वाट सापडते. रोज दहा मिनिटं शाळेचं पुस्तक मोठ्याने वाचायला लावलं, तीनेक आठवड्यांत बरंचसं परत आलं.

खरं लक्ष ठेवायचं ते गेंगाणेपणावर. तार जिभेला अडवते, नाकातून हवा सोडत नाही. आमच्याकडे दोनेक महिन्यांनी पोरगा एकदम गेंगाणा बोलायला लागला, ताक पिताना नाकातून थेंब यायला लागले, आणि आम्ही जिथे जात होतो तिथे 'सवय होईल' एवढंच ऐकत राहिलो. शेवटी दुसरीकडे दाखवलं तर पुढच्या हिरडीमागे जुनं बारीक भोक, फिस्टुला म्हणतात तो. एक्सपान्डरने ते पाडलं नव्हतं, जबड्याचे दोन तुकडे बाजूला सरकले तसं आधी मिटून बसलेलं उघडं पडलं. ग्राफ्टच्या वेळी कमरेचं हाड घालून तेही बंद केलं, म्हणजे मधले काही महिने काढावे लागतात, ते आधी कोणी सांगितलं असतं तर झोप तरी लागली असती.

घरी एवढं करून बघा. नाकाखाली छोटा आरसा धरून तिला 'पोपट पेरू खातो' म्हणायला लावा, मग 'काका काकू'. म आणि न सोडले तर आरशावर वाफ यायला नको. 'पोपट'ला येते पण 'काका काकू'ला नाही, तर बहुतेक पुढच्या भोकातून गळतंय, कारण 'क' त्याच्या मागेच अडतो. दोन्हीला येत असेल तर मागचा मऊ टाळू नीट मिटत नसेल, त्याचा तारेशी संबंध नाही, ते थेरपिस्टने तपासायला हवं. हा अंदाजच, पण डॉक्टरसमोर नुसतं 'बोलणं बिघडलंय' म्हणण्यापेक्षा कुठला शब्द म्हणताना वाफ येते ते सांगितलं की ते टॉर्च घेऊन लगेच बघतात. आणि तिच्या बोलण्याचा व्हिडिओ आजच करून ठेवा, तुलनेला लागतो.

हो, आरसा आधी पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर काही दिसत नाही.