कॅश शोधताना हात घालण्याआधी

सह्याद्रीत जिओकॅशिंग (कुणीतरी लपवलेली डबी, म्हणजे ‘कॅश’, जीपीएसवर शोधण्याचा खेळ) सुरू करताय, तर एक सवय आधी लावून घ्या: दिसत नाही तिथे हात घालायचा नाही. जीपीएस मोकळ्यावर ३ ते ५ मीटरपर्यंत नेऊन सोडतं, कड्याखाली किंवा दाट झाडीत याहून लांब. पुढचा शोध दगडांच्या फटीत, ढोलीत, पाचोळ्यात. फुरसं (छोटा विषारी साप) नेमकं तिथेच असतं. जेमतेम फूट-दीड फुटाचं, मातकट. जांभ्यावर तर ओळखूच येत नाही. आधी टॉर्च मारा, काठीने पाचोळा हलवा. दगड उलटायचाच तर पलीकडची कड स्वतःकडे उचला, म्हणजे खालचा जीव समोर निघून जाईल. खवले घासल्याचा खरखर आवाज आला की सावकाश मागे सरा.

चावलंच तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. अंगठी-घड्याळ काढा, हात हलवू नका, १०८ लावा. या विषाने रक्त गोठणं बिघडतं, म्हणून दुखणं कमी वाटलं तरी रुग्णालयात जायचंच; प्रतिसर्पविष तिथेच मिळतं.

कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर ती कॅश सोडून द्या. अत्तर, धूर, आरडाओरडा अजिबात नको.