फ्लटरचं अ‍ॅप डेस्कटॉपवर नेताना

तुझं फोनवरचं बिलिंगचं अ‍ॅप फ्लटरमध्ये, म्हणजे एकाच कोडमधून फोन आणि डेस्कटॉप दोन्हींची अ‍ॅप बनवणाऱ्या गूगलच्या साधनात आहे ना? मग डेस्कटॉपसाठी पहिल्यापासून लिहायला बसू नकोस. मे २०२२ मध्ये फ्लटर ३ आलं, तेव्हापासून विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींना पक्का आधार आहे. लिनक्सवर वेड्रॉइडमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आत अँड्रॉइड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, अँड्रॉइडचं अ‍ॅप जसंच्या तसं चालतं, पण ते स्वतःपुरतं ठीक. गिऱ्हाइकाला तसं देऊ नये.

कोडला हात लावण्याआधी प्लगिन, म्हणजे अ‍ॅपमध्ये जोडलेले इतरांचे तयार भाग, तपास. काम रखडतं ते तिथेच. उदाहरणार्थ, एसक्यूफ्लाइट हे डेटाबेसचं प्लगिन विंडोज-लिनक्सवर चालत नाही; तिथे त्याचंच एफएफआय नावाचं वेगळं पॅकेज घ्यावं लागतं. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञा, मात्र त्याच राहतात.

मग कीबोर्ड. यावर मी अडून बसेन! दादरला एखाद्या दुकानात संध्याकाळच्या गर्दीत गल्ल्यापाशी उभा राहून बघ. बिल करणाऱ्याची बोटं टॅब, एंटर आणि बाणांवरच फिरतात. दर ओळीला त्याला माउस धरावा लागला, तर तो तुझं अ‍ॅप वापरणार नाही. फोनचा उभा स्क्रीनही नुसता ताणू नकोस. डावीकडे मालाची यादी, उजवीकडे बिल ठेव.

आणि हो, विंडोजची बिल्ड, म्हणजे कोडपासून चालवायचं तयार अ‍ॅप, विंडोजवरच होते, मॅकची मॅकवरच. गिऱ्हाइकाला तारीख देण्याआधी मशीनची सोय बघ.