गाडीचं दुखणं: टाकी फुल, काटा पाऊण

प्रश्न: माझी १९९८ ची मारुती ८००. टाकी फुल केली तरी काटा पाऊणच्या वर जात नाही. अर्ध्यावर आला की तळाला जाऊन बसतो, खड्ड्यात गाडी आपटली की परत वर! गॅरेजवाल्याने मीटर बदलला, फरक शून्य. गेल्या आठवड्यात कात्रज घाटात पेट्रोल संपलं. काय करू?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर: मीटर बदलूनही काटा तसाच वागतोय, म्हणजे दुखणं टाकीत आहे. माझ्या मते दुखणी दोन आहेत.

पहिलं अर्थिंगचं. टाकीतल्या सेंडरला (पेट्रोल किती आहे ते मीटरला कळवणारा भाग) बॉडीची अर्थ गंजामुळे नीट मिळाली नाही की रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो आणि काटा कायम कमी दाखवतो. टाकी फुल असताना सेंडरच्या पत्र्यापासून बॉडीच्या स्वच्छ लोखंडापर्यंत एक जादा वायर जोडून पाहा. चावी बंद ठेवूनच जोडा, पेट्रोलपाशी ठिणगी नको. मग चावी ऑन. काटा पाऊणवरून चढला तर पॉलिश पेपरने गंज घासा, काम झालं.

दुसरं अर्ध्यावरचं. सेंडरच्या फ्लोटचा, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या गोळ्याचा, दांडा वर-खाली होताना एक बारीक पत्री रेझिस्टन्सच्या पट्टीवर घासत जाते. पंचवीस वर्षं पेट्रोल अर्ध्याच्या आसपास खेळलं की पट्टी नेमकी तिथेच झिजते. पुणेकर टाकी फुल करतो कधी? टाकी जवळजवळ रिकामी झाल्यावर, मोकळ्या जागेत, बॅटरीची निगेटिव्ह काढून मेकॅनिककडून सेंडर बाहेर काढून घ्या. मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे रेझिस्टन्स मोजायला, लावून दांडा अगदी सावकाश फिरवायला सांगा. आकडा सलग बदलला पाहिजे; मध्येच तुटला तर चोर सापडला. फ्लोट कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल खुळखुळलं तर तोही गेला.

पत्री केसभर वाकवून न झिजलेल्या रेघेवर आणली की काही महिने निघतात. मी स्वतःच्या गाडीत तेच केलंय, पण तो जुगाड. नवा सेंडर आणायला नाना पेठेत जाताना जुना सोबत न्या, दांड्याची लांबी लावून बघा. सेंडर बसतो तिथलं गॅस्केट (फट बंद करणारं सील) मात्र नवंच घाला, नाहीतर गाडीत वास सुटेल.

तोवर पेट्रोल भरलं की किलोमीटरचा आकडा कागदावर लिहून सनवायझरला खोचा. आणि गॅरेजवाल्याकडून तुमचा जुना मीटर मागून घ्या. तो बहुधा चांगलाच आहे.