घरून ऑनलाइन स्टायलिंग करतेय, तीन वर्षं पोस्ट तीच आहे. यात पुढे काही स्कोप आहे का?

खरं सांगते ताई, त्याच कंपनीत थांबून फारसा नाही. मी बोरिवलीला घरी बसून चार वर्षं हेच काम केलं, ॲपवरून क्लायंटसाठी कपडे निवडून पाठवायचं. आमच्याकडे चाळीस स्टायलिस्टवर एक टीम लीड होती, ती हलली तरच कुणीतरी वर जाणार, आणि तीही जागा शेवटी ऑफिसला जाणाऱ्या मुलीलाच मिळाली. माझं काम वाईट नव्हतं, मी पाठवलेले कपडे क्लायंट ठेवून घ्यायच्या, पण वरच्यांना माझा फक्त आकडा दिसायचा, मी कुणाला दिसतच नव्हते.

दुसरं म्हणजे हात बसतो तो स्क्रीनवरच. एकदा एका काकूंना मुलीच्या साखरपुड्यासाठी मोहरी रंगाचा क्रेपचा कुर्ता पाठवला, निघाला लिंबू कलरचा आणि पॉलिस्टर, अंगाला नुसता चिकटत होता. फोटोत सिल्क क्रेप आणि पॉलिस्टर क्रेप सारखेच दिसतात हो! नंतर मंगलदास मार्केटला, म्हणजे मुंबईतल्या कापडाच्या बाजारात गेले तर दुकानदाराने न सांगताच तागा उचलून बाहेर उजेडात आणला, म्हणाला ट्यूबलाइटखाली शेड बघू नका. चार वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, खूप वाईट वाटलं तेव्हा.

म्हणून नोकरी लगेच सोडू नका, मुंबईत महिन्याचा ठरलेला पगार लागतोच. पण महिन्यातून दोनतीन दिवस एखाद्या जाहिरात नाहीतर सिरियलच्या स्टायलिस्टला असिस्ट करा. पैसे कमी मिळतात आणि धावपळ भयंकर, दुकानातून डिपॉझिट ठेवून कपडे आणायचे, टॅग न काढता वापरायचे, मेकअपचा डाग न पडू देता परत करायचे, सेटवर ब्लाउज ढिला झाला की पाच मिनिटांत मागून पिना मारून फिटिंगला बसवायचा. पण पुढचं काम अशा ओळखीतूनच येतं, मला तरी तसंच आलं. आणि स्वतःचे फोटो जमवा, कारण ॲपवर केलेले लुक कंपनीचे असतात, ते बाहेर दाखवता येतात का हे आधी ॲग्रीमेंटमध्ये वाचा. मैत्रिणीला, वहिनीला त्यांच्याच कपाटातल्या साड्यांवर स्टाइल केलंत तरी चालेल.

मंगलदासला मात्र रविवारी जाऊ नका, बंद असतं. मरीन लाइन्सला उतरून चालत जाता येतं, सकाळी गेलात तर दुकानदार निवांत बोलतात.